मार्चपर्यंत सगळं ठीक होतं

दोना लिओपोल्दिनाचं भरतकामाचं यंत्र
जुन्या विंडोजशिवाय कुणाशी बोलत नाही.
नऊ पिनांची जाड केबल, दोन्हीकडे स्क्रू,
पलीकडे लाल रीळ, निळं रीळ,
आणि व्हियानाच्या पर्यटकांसाठी
रुमालागणिक एक बदाम.

भाचा टेल्मो रात्री बसतो, त्याला लिनक्स हवं.
दुसरा संगणक घ्यायला पैसे दोघांकडेही नाहीत.
डबा उचलून नदीकाठच्या माझ्या दुकानात आले;
मावशीनं त्यावर शाल टाकली होती,
तापातल्या पोराला दवाखान्यात आणावं तशी.

"पुसणार नाहीस ना काही?"
नाही. पण आधी नक्कल काढते.
नक्कल न काढता डिस्कला हात लावणाऱ्यांची कपाळं
मी याच काउंटरवर टेकलेली पाहिली आहेत.

मग विंडोजला म्हटलं, जरा आकस.
पाचशेतले वापरात जेमतेम साठ,
तरी अडीचशेच्या खाली उतरेना.
मधोमध एक फाइल, हलायला तयार नाही.
प्रत्येक घरात असतो असा कुणीतरी,
ज्याच्या खुर्चीभोवतीनंच झाडून काढावं लागतं.
स्वॅप बंद केलं, झोपेची फाइल उडवली,
रीस्टार्ट.
पुन्हा रीस्टार्ट.
तेव्हा कुठे सरकली.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असेल खरं.
पण या दोन्ही एकदम उपसायच्याच नव्हत्या:
एक जागी असते तेव्हा दुसरी
गार पडलेली, स्वप्नसुद्धा न पाहता.

तिसरा तुकडा मी न विचारताच ठेवला,
वीस गिगाबाइट, दोघांनाही वाचता-लिहिता येईल असा.
नाव काय देऊ?
टेल्मो म्हणाला, डेटा.
मावशी म्हणाली, स्वयंपाकघर.
तेच दिलं.

भांडण झालं ते दहा सेकंदांवरून.
सुरुवातीच्या काळ्या पाटीवर दोन ओळी;
कुणी काहीच दाबलं नाही, तर उठायचं कुणी?
तो म्हणे तिचं, ती म्हणे त्याचं.
"मी पहाटे उठणारी बाई, मला बाण दाबता येतो."
खालच्या बाणावर मी
लाल दोऱ्याची गाठ चिकटवून दिली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला.
मार्चच्या शेवटच्या रविवारी
देशातली घड्याळं तासभर पुढे सरकली
आणि बुधवारी फोन:
"झुल्मीरा, तो पोरगा बसून उठला की
माझं घड्याळ तासभर मागे.
कुरियरवाला रिकाम्या हातानं गेला."

मला सुचायला हवं होतं.
विंडोज भिंतीवरचं घड्याळ मानतं, लिनक्स ग्रीनिचचं.
हिवाळाभर इथं दोन्ही एकच,
म्हणून मतभेद आहेत हेच
कुणाला कळलं नव्हतं.
आणि तिचं विंडोज नेटवर जात नाही,
त्याला बाहेरून कोण सांगणार?

तिच्या घरी जाऊन, तपासायला म्हणून
स्वयंपाकघर उघडलं.
अठ्ठेचाळीस फाइली, सगळ्या चिठ्ठ्या.
तो झोपतो तेव्हा ती उठते; गाठ पडत नाही.
सूप खिडकीत आहे.
बारकी कात्री तूच नेलीस का.
यंत्र सातच्या आत लावू नकोस ना गं.
आणि कालची, त्याची, पहाटे पाच चाळीसची:
मावशी, कॉलेज सोडू का?

खाली तिचं उत्तर. वेळ, पाच दहा.
प्रश्नाच्या अर्धा तास आधी:
नाही. आणि मोजे वाळलेत, काढून घे.

मी ते दोन आकडे बराच वेळ पाहत राहिले.

उपाय एका ओळीचा आहे;
लिनक्सला सांगायचं, तू तिचं ऐक.
एंटर. तास जुळले.
जुन्या चिठ्ठ्यांच्या वेळा मात्र तशाच ठेवल्या.
पैसे घेतले नाहीत, चूक माझी होती.

निघताना दारात दोना लिओपोल्दिना म्हणाली,
"ते ठीक, पण माझा तास गेला कुठे?"
म्हटलं, ऑक्टोबरात परत मिळेल.
"कुरियरवाल्याला सांग मग तसं,"
म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.